क्विबल, ग्राइप आणि आपली तक्रार

प्रश्न असा: ‘ऑफिसात “त्या दोघांचं रोज क्विबल चालू असतं” असं ऐकू येतं आणि “माझे दोन-तीन ग्राइप्स आहेत” असंही. दोन्हींचा अर्थ कुरकुरच ना? मराठीत काय म्हणायचं?’

दोन्हींचा अर्थ कुरकुर नाही, आणि पहिलं वाक्य तर सरळ चूक आहे. हल्ली ते इतकं कानावर पडतं की आधी त्याचाच निकाल लावू. दोन माणसांचं रोज वाजतं त्याला इंग्रजीत ‘बिकर’ म्हणतात. मध्ययुगीन इंग्रजीत बिकर म्हणजे सैन्याच्या तुकड्यांची छोटी चकमक; आपण ‘शाब्दिक चकमक’ म्हणतो ते यापासून फार लांब नाही. आरडाओरडा जास्त आणि मुद्दा पोरकट असेल तर ‘स्क्वाबल’. क्विबल करायला मधे काहीतरी बारीक हवं: पाच रुपये, एक स्वल्पविराम, एखाद्या शब्दाची व्याप्ती. करारात ‘30 दिवसांच्या आत’ लिहिलंय, तर दिवस कॅलेंडरचे की कामाचे, असं विचारणं हा क्विबल. पण त्या उत्तरावर दंड ठरणार असेल तर तो क्विबल उरत नाही, मुद्दा होतो. म्हणून समोरच्याच्या रास्त शंकेला ‘डोन्ट क्विबल’ म्हणून उडवून लावणारे लबाडी करत असतात. ‘निटपिक’चंही तसंच. निट म्हणजे लीख. केसातून एकेक लीख वेचावी तशा चुका वेचणं. चूक खरी असते, फक्त लिखेएवढी असते. मराठीत खुसपटं काढणं.

क्विबलचं मूळ बहुधा लॅटिन ‘क्विबुस’ या सर्वनामाच्या रूपात आहे. जुन्या कायदेशीर कागदांत ते वारंवार येई, त्यामुळे वकिली पळवाटेला तेच नाव चिकटलं. सतराव्या शतकात क्विबलचा अर्थ श्लेषही होता. आपल्याकडे न्यायदर्शनात, म्हणजे तर्क आणि वादाच्या प्राचीन शास्त्रात, याला नेमकं नाव आहे: वाक्छल. ठरलेलं उदाहरण ‘नवकंबल’ माणसाचं. बोलणाऱ्याला म्हणायचंय, याचं कांबळं नवं आहे. प्रतिवादी म्हणतो, नऊ कुठे आहेत, एकच तर दिसतंय! श्लेष तोच आणि पळवाटही तीच. त्यामुळे क्विबलला ‘शब्दच्छल’ हा प्रतिशब्द चपखल बसतो. जे कोशकार तिथे ‘किरकोळ तक्रार’ एवढंच लिहून पुढे जातात त्यांनी शब्दाचा प्राणच काढून घेतला आहे.

आता ग्राइप. या शब्दाची बाटली आपल्या घराघरांत होती आणि तरी अर्थ कुणी विचारला नाही. ग्राइप वॉटर नॉटिंगहॅमच्या विल्यम वुडवर्ड यांनी 1851 मध्ये काढलं. त्यात शेपूच्या बियांचं, म्हणजे बाळंतशोपांचं तेल, खायचा सोडा आणि साखर. जुन्या कृतीत थोडा अल्कोहोलसुद्धा. हे सगळं कशावर? ‘ग्राइप्स’वर, म्हणजे पोटात धरून येणाऱ्या कळेवर. जुन्या इंग्रजीत ‘ग्रीपन’ म्हणजे घट्ट धरणं, ‘ग्रिप’ त्याचंच भावंड. पोट धरून ठेवतो तो ग्राइप. आपला मुरडा पिळतो. तक्रारीचा अर्थ विसाव्या शतकात अमेरिकेत रुजला. तिथलंच ‘बेलीएक’: शब्दशः पोटदुखी, अर्थ रड. यिडिशमधून आलेलं ‘क्वेच’ तर मुळात दाबणं, पिळणंच. मात्र ‘तो बेलीएक करतोय’चं भाषांतर ‘त्याच्या पोटात दुखतंय’ असं कराल तर फसाल. मराठी पोट मत्सराने दुखतं, तक्रारीने नाही.

आणि आता खरी गंमत, जिच्यासाठी एवढा फेरा घेतला. सगळ्यांना सरसकट जो शब्द लावतात तो ‘तक्रार’ अरबी आहे, आणि अरबीत ‘तक्रार’ म्हणजे पुनरावृत्ती. तेच ते पुन्हा पुन्हा. फारसीमार्गे तो हिंदी-उर्दूत गेला आणि भांडण झाला. आपल्याकडे मात्र गाऱ्हाणं झाला. (‘तकरार’ ऐकून मराठी माणूस अर्ज लिहायला बसतो, तो यामुळेच.) मूळ अर्थ आपण विसरलो, पण कानाने तो धरून ठेवला. कुरकुर, किरकिर, पिरपिर, कटकट, भुणभुण: यांतला प्रत्येक शब्द स्वतःलाच दोनदा म्हणतो. इंग्रजीला तक्रार पोटात जाणवली, आपल्याला ती कानावर आदळणारी पुनरावृत्ती म्हणून ऐकू आली. असे शब्द सगळ्याच भारतीय भाषांत आहेत, त्यात विशेष काय, असं म्हणणारे म्हणतील. आहेतच. पण कागदोपत्री तक्रारीसाठीसुद्धा पुनरावृत्ती हाच अर्थ असलेला परका शब्द मराठीने उचलावा आणि हिंदीने त्याचं भांडण करावं, हा मला तरी निव्वळ योगायोग वाटत नाही.

या आवाजांतही फरक आहे, तो पुसू नये. कुरकुर खालच्या पट्टीत, नाराजीने. काम मात्र होतं. दारही कुरकुरतं आणि उघडतं. इंग्रजीत ‘ग्रंबल’. पिरपिर रडवेली, ‘विंज’च्या जवळची. किरकिर बारीक, सतत, आणि पोटात काहीतरी खुपत असल्याने येणारी. मूल किरकिर करतं तेव्हाच तर ती बाटली निघते! म्हणून ग्राइपला सर्वांत जवळची किरकिर.

अडचण एवढीच की इंग्रजीत ग्राइप्स मोजता येतात. ‘माझ्या दोन-तीन किरकिरी आहेत’ असं कुणी म्हणत नाही. तिथे ‘दोन-तीन गोष्टी खटकल्या’ म्हणा. आणि ऑफिसातल्या त्या दोघांचे रोज खटके उडतात.