टाके निघाले म्हणजे माणूस बरा झाला असं नाही

सप्रेम आशीर्वाद.

सोमवारपासून तू न्यूरो रिहॅबला, म्हणजे मेंदूच्या पेशंटच्या पुनर्वसन विभागात, रुजू होते आहेस. पुस्तकातलं तुला येतंच, म्हणून व्यायामाचं काही लिहीत नाही. डोक्याला मार लागलेल्या माणसाबद्दल आणि त्याच्या घरच्यांबद्दल लिहिते.

पुण्यात तुझ्याकडे येणारे बरेच जण दुचाकीवरून पडलेले असतील. नवले पुलाचा उतार, सिंहगड रोड, रात्रीचा बायपास. हेल्मेट घरी, नाहीतर हँडलला लटकवलेलं. नीट पट्टा लावलेल्या हेल्मेटने डोक्याला इजा होण्याचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो, आणि तरी याच शहरात हेल्मेटसक्तीविरुद्ध आंदोलनं झाली. मला ते आजही पचत नाही.

दुसरी मंडळी म्हणजे बाथरूममध्ये घसरलेले आजी-आजोबा. वयानुसार मेंदू आकसतो, त्याच्या वरून जाणाऱ्या शिरा ताणल्या जातात, साध्या धक्क्यानेही एखादी फाटते. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर आणखीच. रक्त हळूहळू साचतं. काही आठवड्यांनी आजी असंबद्ध बोलू लागतात, एक पाय ओढतात, आणि घरचे म्हणतात, "वय झालं आता." तेव्हा "मध्ये कुठे पडल्या होत्या का?" हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नकोस.

गाडी थांबते, कवटी थांबते, मेंदू मात्र आत हलतच राहतो. कपाळामागचा आणि कानशिलाजवळचा भाग खालच्या खडबडीत हाडावर घासतो. डोकं गर्रकन फिरलं तर मेंदूतले बारीक तंतू ताणतात, तुटतात, आणि ते सीटी स्कॅनवर पुष्कळदा दिसत नाही. म्हणून "सीटी नॉर्मल आहे" हे वाक्य ऐकून फाइल मिटू नकोस. १९७४ साली ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट या डॉक्टरांनी दिलेला कोमा स्केल, म्हणजे माणूस किती शुद्धीवर आहे याचं माप, ३ ते १५ असा मोजतात. पण पंधरापैकी पंधरा मिळवणाऱ्या माणसालाही भाजीवाल्याकडून सुटे पैसे मोजून घेता येत नाहीत, असं तुला दिसेल.

त्याला चहा करायला सांग. आधण ठेवेल, साखर टाकेल आणि तिथेच थांबून तुझ्याकडे बघत राहील. गॅस चालूच. मग वास येतो का, तेही विचार. नाकाच्या वरचे नाजूक तंतू अशा मारात तुटतात, आणि अशा माणसाला फोडणी करपलेली कळत नाही, की गॅस सुटलेला कळत नाही.

सगळ्यात अवघड असतो तो स्वभाव. कुकरच्या शिट्टीवरून तो मुलावर ओरडेल, नंतर तासभर गप्प बसेल. बायको हळूच म्हणेल, "हे पूर्वी असे नव्हते हो." सासरचे म्हणतील नाटकं करतो, कुणी दृष्ट काढेल. पुढच्या मेंदूला मार लागला की राग आवरण्याची, थांबून विचार करण्याची ताकदच कमी होते, हे डिस्चार्जच्या आधी, घरच्यांना बसवून, साध्या मराठीत सांग. त्या बाईला वाटत असतं की तिचंच काहीतरी चुकतंय. आपल्याकडे हे सांगायला कुणी थांबत नाही, आणि ती माऊली वर्षानुवर्षं ते ओझं वाहते.

घरी जाताना एक कागद लिहून दे: वारंवार उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, हाक मारूनही न मोडणारी झोप, फिट, नाका-कानातून पाण्यासारखा स्राव, यातलं काही दिसलं तर थेट कॅज्युअल्टी. दारू बंद. डॉक्टरांनी सांगेपर्यंत गाडी बंद.

महिन्याभराने फोन कर, पण पेशंटला एकट्याला नाही. तो "मी ठणठणीत आहे" म्हणेल, कारण स्वतःतला बदल न कळणं हाही पुष्कळदा त्या इजेचाच भाग असतो. बायकोशी किंवा आईशी बोल: झोप लागते का, चिडचिड किती आहे, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात का, कामावर गेल्यावर दुपारपर्यंत थकतात का. आणि शेवटी तिला विचार, तिची स्वतःची झोप कशी आहे.