बिल उघडलं, पण काहीच दिसलं नाही

प्रश्न : 'वीजबिल थकलंय, आज रात्री कनेक्शन तोडू' अशी मेल आली. सोबत पासवर्ड लावलेली झिप फाइल होती आणि पासवर्ड मेलमध्येच लिहिला होता. आत पीडीएफचं लाल चित्र असलेलं बिल होतं. क्लिक केल्यावर एक काळी खिडकी क्षणभर चमकली, बाकी काहीच उघडलं नाही. मेल पुसून टाकली. आता काळजीचं काही आहे का? (सांगली)

आहे, आणि हे वाचून झालं की लगेच हालचाल करा. 'काहीच उघडलं नाही' हीच खूण आहे. ते बिल नव्हतंच, बिलाचं सोंग घेतलेला प्रोग्राम होता आणि त्याचं काम तेव्हाच सुरू झालं असणार. मेल पुसल्याने तो जात नाही.

आधी इंटरनेट तोडा. मग दुसऱ्या कॉम्प्युटरवरून किंवा मोबाइलवरून ईमेलचा आणि बँकेचा पासवर्ड बदला. त्याच कॉम्प्युटरवर बदलू नका, नवा पासवर्डही चोरांच्या हाती जाईल. ईमेलमध्ये 'सगळीकडून साइन आउट' हा पर्याय असतो, तोही दाबा. त्यानंतर विंडोज सिक्युरिटीमध्ये जाऊन डिफेंडर या विंडोजमधल्याच अँटिव्हायरसचं ऑफलाइन स्कॅन लावा. कॉम्प्युटर बंद होऊन पुन्हा सुरू होतो आणि विंडोज चालू होण्याआधीच तपासणी होते, त्यामुळे लपलेल्याला पळवाट कमी मिळते. एवढं करूनही शंका राहिली तर महत्त्वाच्या फाइली काढून घ्या आणि विंडोज नव्याने टाका. खात्यातून एक रुपया जरी गेला असेल, तरी आधी बँकेला आणि 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करा. तिथे तासातासाला किंमत आहे.

आता फसगत कुठे झाली ते पाहू. फाइलचं पूर्ण नाव बहुधा 'वीजबिल.पीडीएफ.ईएक्सई' असणार, आणि शेवटचं 'ईएक्सई' म्हणजे प्रोग्राम. विंडोज ओळखीच्या फाइलींचं शेवटचं शेपूट मुळातच लपवून ठेवतं, म्हणून तुम्हाला 'वीजबिल.पीडीएफ' एवढंच दिसलं. लाल चित्र तर प्रोग्राम बनवणारा हवं ते चिकटवू शकतो. मे 2000 मध्ये जगभर पसरलेल्या 'आय लव्ह यू' या व्हायरसची युक्ती हीच होती. दिसायला साधं टेक्स्टमधलं प्रेमपत्र आणि शेवटी लपलेलं 'व्हीबीएस', म्हणजे तोही एक प्रोग्रामच. फाइल एक्सप्लोररमध्ये 'व्ह्यू', मग 'शो' आणि तिथे 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' सुरू करा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. मायक्रोसॉफ्टने हे शेपूट मुळातच उघडं ठेवायला हवं होतं, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि पासवर्डचं म्हणाल, तर झिपला कुलूप असलं की मेल तपासणाऱ्या यंत्रणेला आत डोकावता येत नाही. म्हणून तो लावलेला असतो.

प्रश्न : व्हायरस आणि ट्रोजन यांत फरक काय?

व्हायरस स्वतःच्या प्रती काढून पसरतो. ट्रोजन सहसा पसरत नाही, त्याला आपण आत घेतो. ग्रीक कथेत ट्रॉय शहराच्या लोकांनी शत्रूचे सैनिक लपलेला लाकडी घोडा आत ओढून नेला, त्यावरून हे नाव पडलं. ट्रोजनचं एक जुनं उदाहरण सांगतो. 1989 मध्ये 'एड्सविषयी माहिती' म्हणून सुमारे 20,000 फ्लॉपी टपालाने पाठवल्या गेल्या. कॉम्प्युटर साधारण 90 वेळा सुरू झाला, की हार्डडिस्कवरच्या फाइलींची नावं गडबडून टाकली जात आणि पनामातल्या एका पोस्टबॉक्सवर 189 डॉलर पाठवायची मागणी येई.

प्रश्न : मुलाने फोटो एडिटिंगच्या सॉफ्टवेअरचा क्रॅक (पैसे न भरता ते चालवायची चोरटी युक्ती) आणलाय. 'अँटिव्हायरस उगाच ओरडतो, तो बंद करूनच क्रॅक टाकायचा असतो,' असं म्हणतो. ऐकू का? (नाशिक)

नाही. आमच्या गल्लीत लग्नपत्रिका छापणारा एक मुलगा आहे. त्यानेही क्रॅकसोबतच्या सूचना वाचून अँटिव्हायरस बंद केला. दुसऱ्या दिवशी मला बोलावलं, तेव्हा प्रत्येक डिझाइनच्या नावापुढे चार अनोळखी अक्षरं लागली होती आणि प्रत्येक फोल्डरमध्ये पैसे मागणारी चिठ्ठी होती. बॅकअपची हार्डडिस्क होती, पण ती कायम जोडलेली, त्यामुळे तीही कुलूपबंद. ऐन लग्नसराईत सहा वर्षांचं काम गेलं. त्याचा उतरलेला चेहरा मी विसरलेलो नाही.

चोराने घराच्या कुत्र्याला बांधून ठेवायला सांगावं, तशी ती सूचना आहे. मुलाला रागावू नका, जिम्प किंवा क्रिटा ही चित्रांची सॉफ्टवेअर उतरवून द्या. दोन्ही फुकट आणि अधिकृत आहेत, फक्त त्यांच्या मूळ संकेतस्थळावरूनच घ्या. त्याला कॉम्प्युटरवर ॲडमिनचे, म्हणजे हवे ते बदल करायचे, अधिकार नसलेलं साधं खातं काढून द्या. बॅकअपची डिस्क काम झालं की काढून कपाटात ठेवा. आणि फाइली कुलूपबंद झाल्याच, तर पैसे भरण्याआधी 'नो मोअर रॅन्सम' पाहा. युरोपोल आणि डच पोलिसांनी सुरक्षा कंपन्यांसह 2016 मध्ये सुरू केलेल्या या उपक्रमात काही कुलपांच्या किल्ल्या फुकट मिळतात.

प्रश्न : विकतचा अँटिव्हायरस हवाच का?

घरच्या वापराला विंडोजमधला डिफेंडर पुरेसा आहे, अपडेट चालू असतील तर. विंडोज 10 चा नेहमीचा आधार, म्हणजे नियमित सुरक्षा अपडेट, 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, तेव्हा शक्य असेल तर 11 वर जा.

प्रश्न : बातम्या वाचताना स्क्रीन लाल झाली, भोंगा वाजू लागला आणि 'या नंबरवर फोन करा' असं आलं. मी 71 वर्षांचा आहे, एकटा राहतो. घाबरून कॉम्प्युटर बंदच ठेवलाय.

काका, तुम्ही फोन केला नाहीत, हे फार चांगलं केलंत. ते फक्त एक वेबपान होतं. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो. कॉम्प्युटर निर्धास्त सुरू करा. पुन्हा तसं झालं तर ऑल्ट आणि एफ4 एकत्र दाबा. ब्राउझर उघडताना 'आधीची पानं परत उघडू का?' असं विचारलं, तर नको म्हणा.