कॉलेजच्या सुट्टीत इंडोनेशियात मुलांना शिकवायला जावं का? संस्कृती म्हणून तिथे काय न्यावं?

तुमचे प्रश्न तीन: इंडोनेशियात स्वयंसेवक म्हणून शिकवायला जावं का, त्यासाठी स्वतःचे पैसे खर्च करावेत का, आणि 'भारतीय संस्कृती'च्या तासाला काय करायचं. पुण्यात शिकत असताना मी जावा बेटावर योग्यकार्ताजवळच्या एका प्राथमिक शाळेत अशीच गेले होते. माझं मत, जरूर जा. शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण त्याचा विचार फार कमी जण करतात.

बहुतेक जण ताजमहालाचे फोटो, मेंदी आणि बॉलिवूडचा नाच घेऊन जातात. मुलं खूश होतात, पण त्यात त्यांना स्वतःचं काही सांगता येत नाही. माझं गाव कुडाळ तालुक्यात. जवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाचे कलाकार चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ करतात. पांढरा पडदा, मागे दिवा आणि पडद्यावर रामायण. पिंगुळीची ही परंपरा जपणाऱ्या परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री मिळाली. जावात असाच 'वायांग कुलित' आहे. म्हशीच्या कातड्यावर बारीक नक्षी कोरलेल्या बाहुल्या, साथीला गामेलान हा तिथला वाद्यवृंद, आणि बाहुल्या नाचवणारा एकटा 'दालांग' रात्रभर सगळ्या पात्रांचे आवाज काढतो. 2008 पासून वायांग युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत आहे. माझ्या वर्गातली जवळजवळ सगळी मुलं मुसलमान होती आणि अर्जुन, भीम, हनुमान त्यांना घरातल्या माणसांसारखे ठाऊक होते.

मात्र त्यांचं महाभारत वेगळं आहे. तिकडे शिखंडी स्त्री आहे, उत्तम धनुर्धर आणि अर्जुनाची बायको. द्रौपदीचा नवरा एकटा युधिष्ठिर. सेमार, गारेंग, पेत्रुक, बागोंग ही विनोदी मंडळी तर आपल्याकडे नाहीतच, आणि मुलांचा खरा जीव त्यांच्यावरच. कृपा करून "मूळ कथा अशी नाही" असं सांगू नका. शेकडो वर्षं त्यांनी ती आपली म्हणून सांगितली आहे, ती त्यांचीच आहे. तुम्ही आपली सांगा, त्यांची ऐका.

आम्ही खोक्यांचा पुठ्ठा कापून बाहुल्या केल्या, बांबूच्या काड्या लावल्या, कोपराला दोरा बांधला, चादरीमागे टॉर्च धरला. इंग्रजीही त्यातूनच शिकवलं. "हू आर यू? व्हेअर आर यू गोइंग?" हे वर्गात उभं राहून बोलायला लाजणारी मुलं पडद्याआडून पेत्रुकच्या आवाजात खणखणीत बोलायची. बाहुल्या शाळेतच ठेवून आले, त्यामुळे बाईंना पुढेही वापरता आल्या.

पैशांचं म्हणाल तर आयसेकसारख्या विद्यार्थी संघटनेमार्फत गेलं तरी शुल्क आणि विमानभाडं आपलंच असतं. त्यात काही गैर नाही. पण पैसे भरण्याआधी विचारा: वर्गाला नेहमीच्या बाई किंवा सर आहेत का, ते तासाला हजर असतील का? तुम्ही त्यांच्या मदतीला जाताय, त्यांच्या जागी नाही. सहा आठवड्यांनी तुम्ही परत येणार, मुलं तिथेच राहणार.

आणि अनाथालयात अजिबात जाऊ नका, कितीही कळकळीने बोलावलं तरी. नेपाळ आणि कंबोडियात परदेशी पाहुणे आणि देणग्या येतात म्हणून आईवडील हयात असलेली मुलंही अशा संस्थांमध्ये आणून ठेवल्याचं उघड झालंय. ऑस्ट्रेलियाने 2018 साली आधुनिक गुलामगिरीविरोधी कायदा केला, तेव्हा या प्रकाराची गंभीर दखल घेतली होती. वर, लळा लावून निघून जाणारी माणसं त्या मुलांच्या वाट्याला पुन्हा पुन्हा येतात. मला हे फार क्रूर वाटतं.

व्हिसाचंही आधीच लेखी विचारून घ्या. "पर्यटक व्हिसावर या, चालतं" असं सांगणाऱ्या संस्थेला सरळ नकार द्या. आणि रमजान कधी आहे ते पाहून तारखा ठरवा, त्या महिन्यात शाळांचं वेळापत्रक बदलतं.