शेवट आधीच माहीत असेल तर ‘एकच प्याला’ वाचावं का?

जुनी शोकांतिका पहिल्यांदाच वाचायला घेतलीय, हाताशी ‘एकच प्याला’ हे नाटक आहे. पण दारूपायी संसार बुडतो हे ठाऊक असताना वाचायचं कशाला, आणि भाषाही जड जाते, असं तुम्ही विचारलंय.

अवश्य वाचा. मी नागपूर जिल्ह्यातल्या सावनेर तालुक्यातला. हे नाटक लिहिणारे राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ ला आमच्या सावनेरातच गेले, वयाच्या अवघ्या ३३व्या वर्षी. नाटक रंगमंचावर आलं ते महिन्याभराच्या आत, २० फेब्रुवारीला बडोद्यात. नायिका सिंधूच्या भूमिकेतले बालगंधर्व त्यांना पाहायलाच मिळाले नाहीत. याची हळहळ मला अजून वाटते.

पहिली गोष्ट, दारूबंदीचं प्रचारनाटक समजून ते उघडू नका. सुधाकर बुद्धिमान वकील. कोर्टात मुन्सफाशी, म्हणजे न्यायाधीशाशी, खटका उडतो आणि सहा महिन्यांसाठी वकिलीची सनद जाते. तो अपमान त्याला गिळवत नाही, आणि नेमक्या त्याच वेळी त्याचा कारकून तळीराम प्याला पुढे करतो. तिथे घाई करू नका. आमच्या भागात मोहाची दारू काही नवलाची नाही, पण अमका पिऊन पडला एवढंच आपण बोलतो. पहिला घोट घेण्याआधी त्याच्यावर काय गुदरलं होतं, हे कोण विचारतं? गडकऱ्यांनी विचारलंय. म्हणूनच शेवट माहीत असूनही धास्ती कमी होत नाही. पुढे सुधाकर स्वतःच मित्र रामलालला दारुड्याच्या एकेक अवस्था समजावून सांगतो. सगळं कळतंय, तरी सुटत नाही. ते भाषण वाचताना माझ्या पोटात गोळा येतो.

भाषेचं म्हणाल तर मोठ्याने वाचा. ती वाक्यं नटाच्या तोंडी घालायला लिहिलेली आहेत. नुसत्या डोळ्यांनी वाचली तर लांबलचक वाटतात, तोंडाने म्हटली की दम कुठे घ्यायचा ते आपोआप कळतं. मी ओसरीत वाचत होतो, आई सुपात तुरी पाखडत होती. मध्येच हात थांबवून म्हणाली, “मुन्सफानं पाणउतारा केला अन् यानं राग घरच्याईवर काढला बाप्पा!” समीक्षेच्या पुस्तकांतही मला याहून नेमकं काही सापडलं नाही.

सुधाकरच्या बायकोपाशी, सिंधूपाशी, मात्र तुम्ही अडाल. माहेरचा पैसा नाकारून ती लोकांचं दळण दळते, आणि नवऱ्याच्या मारामुळे मरणपंथाला लागलेली असतानाही पोलिसांसमोर त्याचं नाव घेत नाही. आजच्या वाचकाला, विशेषतः बायकांना, याचा संताप येतो. तो येऊ द्या, दाबू नका. मला तिची ती निष्ठा पटत नाही. पण जात्यावरच्या त्या बाईची लाचारी कुठेच दिसत नाही, हेही खरं.

तळीरामाच्या आर्यमदिरामंडळाचे, म्हणजे दारुड्यांच्या मंडळाचे, विनोदी प्रवेश गाळू नका. तिथे खळखळून हसलेला वाचक पुढे जास्त हादरतो. पदं मात्र पहिल्या वाचनात ओलांडलीत तरी चालेल. आजारी गडकऱ्यांऐवजी ती विठ्ठल सीताराम गुर्जरांनी रचली आहेत, आणि त्यांची खरी गोडी ऐकण्यातच आहे.

अंक पाचच आहेत. रोज रात्री एक वाचा, पण शेवटचे दोन एका बैठकीत.