विधानसभेच्या उमेदवारांची तुलना धोरणांवरच्या भूमिकांवरून कशी करावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जर्मनीत असलेल्या भावाने तुम्हाला तिथलं 'वाल-ओ-माट' दाखवलं. काही विधानांवर सहमत-असहमत सांगितलं की आपली मतं कोणत्या पक्षाशी जुळतात ते कळतं. महाराष्ट्र विधानसभेसाठी असं काही करता येईल का? कारण तुमच्या मतदारसंघात सगळेच उमेदवार शेतकरी, महिला आणि तरुण यांच्याबद्दल तेच ते बोलतात.

करता येतं, पण स्वतः वही-पेन घेऊन. आमच्या नगर जिल्ह्यात निवडणूक आली की आम्ही काही मित्र मिळून असा तक्ता करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी एक फरक. वाल-ओ-माट पक्षांची तुलना करतं, उमेदवारांची नाही. आपल्याकडे यंत्रावर उमेदवाराचं नाव असतं, पण निवडून आल्यावर तो पक्षाच्या व्हिपला, म्हणजे मतदान कसं करायचं याच्या आदेशाला बांधलेला. राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टानुसार, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्यानुसार, व्हिप मोडून मतदान केलं आणि पक्षाने पंधरा दिवसांत ते माफ केलं नाही, तर आमदारकी जाऊ शकते. म्हणजे उमेदवार वैयक्तिक गप्पांत काहीही म्हणाला तरी सभागृहात हात पक्ष सांगेल तसाच वर जाणार. त्यामुळे तक्त्यात प्रत्येक उमेदवारासमोर दोन रकाने ठेवा: पक्ष काय म्हणतो आणि हा माणूस काय करत आलाय. दोन्हींची सरमिसळ झाली की सगळे सारखेच दिसू लागतात.

आता मुद्दे कोणते घ्यायचे? इथे बरीच काटछाट करावी लागते.

पहिली कात्री राज्याच्या अखत्यारीबाहेरच्या मुद्द्यांना. कांदा बघा. केंद्राने डिसेंबर 2023 मध्ये निर्यातबंदी घातली, मे 2024 मध्ये ती उठवली पण 40 टक्के शुल्क लावलं, सप्टेंबरमध्ये ते 20 टक्क्यांवर आणलं आणि 1 एप्रिल 2025 पासून काढून टाकलं. या सगळ्यात आमदाराचा संबंध निवेदन देण्यापुरता. तरी 2024 च्या विधानसभा प्रचारात आमच्याकडे आणि शेजारच्या नाशिकमध्ये निम्मी भाषणं निर्यातीवर. 'निर्यातबंदी होऊ देणार नाही' असं विधानसभेचा उमेदवार म्हणाला तर तक्त्यात त्यापुढे शून्य लिहा, पक्ष कोणताही असो. त्याला विचारायचं ते बाजार समितीबद्दल. व्यापाऱ्याने पैसे थकवले तर सचिवावर जबाबदारी निश्चित करणार का? कांदाचाळीच्या अनुदानासाठी किती तरतूद मागणार? हे राज्याच्या हातात आहे. शेती, पाणी, पोलीस, सार्वजनिक आरोग्य, जमीन महसूल, ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंतचे कायदे ही सगळी राज्यसूची. शिक्षण 1976 च्या 42 व्या घटनादुरुस्तीनंतर समवर्ती सूचीत गेलं, तरी शाळा रोज चालवायचं काम राज्याचंच.

दुसरी कात्री चालवायला अवघड, कारण ती जिव्हाळ्याच्या मुद्द्यावर चालते. ज्या मुद्द्यावर अख्ख्या मतदारसंघाचं एकमत आहे, तो तक्त्यातून काढून टाका. आमच्याकडचं उदाहरण पैठणच्या जायकवाडी धरणाचं. 2005 च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या कायद्यात समन्यायी पाणीवाटपाचं तत्त्व आहे. त्यानुसार ऑक्टोबरच्या मध्याला जायकवाडीत 65 टक्क्यांपेक्षा कमी साठा असेल तर वरच्या, म्हणजे नगर-नाशिकच्या धरणांतून पाणी सोडायचं. 2023 मध्ये असंच साडेआठ टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) आसपास पाणी सोडायचा आदेश निघाला. आता राहुरी, श्रीरामपूर किंवा कोपरगावला उभ्या असलेल्या कोणत्याही उमेदवाराला विचारा, तो विरोधच करणार. पैठण किंवा गंगापूरला विचारा, तो पाणी सोडाच म्हणणार. त्याच पक्षाचा असला तरी! इतका तापलेला विषय, पण दोन उमेदवारांमधून निवड करायला काडीचा उपयोग नाही. त्यात विचारण्यासारखं फारतर एवढंच की वरच्या भागात पाण्याची तूट भरून काढायला पश्चिमेकडे समुद्रात वाहून जाणारं पाणी इकडे आणायच्या योजनांवर याने कधी काही मागितलंय का. नुसता 'एक थेंबही जाऊ देणार नाही' हा आवाज सगळ्यांचा सारखाच निघतो.

या दोन कात्र्या चालवल्यावर जे उरतं ते थोडंच असतं, पण त्यात फरक दिसायला लागतो. प्रश्न मात्र 'तुम्ही अमुक करणार का' असा ठेवायचा नाही. होय म्हणायला कुणाचं काय जातं? दोन हितसंबंध समोरासमोर येतील असा प्रश्न घाला. ऊसपट्ट्यात सगळ्यात सोपा प्रश्न: एफआरपी, म्हणजे केंद्राने ठरवलेला उसाचा किमान दर, एकरकमी की हप्त्यांत? ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस कारखान्याला दिल्यापासून 14 दिवसांत पैसे मिळायला हवेत. फेब्रुवारी 2022 मध्ये तेव्हाच्या महाविकास आघाडी सरकारने शासन निर्णय काढून ते हप्त्यांत द्यायची वाट मोकळी केली. पुढे सरकार बदललं, पण तो निर्णय मार्च 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केला तेव्हाच गेला. कारखान्याचा अध्यक्ष असलेल्या उमेदवाराला हे भर सभेत विचारलं की तो 'शेतकऱ्याचं हित' इथून सुरू करतो आणि साखरेचे भाव, बँकेचं व्याज, इथेनॉल असं फिरत फिरत भाषण संपवतो. एकरकमी की हप्त्यांत, ते राहूनच जातं. ते न आलेलं उत्तर तक्त्यात जसंच्या तसं लिहायचं: 'थेट बोलला नाही'. आमच्या तक्त्यात सगळ्यात उपयोगी पडलेली नोंद हीच आहे.

तुमचा मतदारसंघ शहरी असेल तर उसाऐवजी झोपडपट्टी पुनर्विकास, पार्किंग, फेरीवाले. आदिवासी भागात वनहक्काचे दावे. नागपूर-गोवा 'शक्तिपीठ' महामार्गाच्या पट्ट्यात भूसंपादन: तिथे कोल्हापुरात सत्ताधारी महायुतीतल्या काहींनीही विरोध केला होता, म्हणजे पक्षाचा रकाना एक आणि माणसाचा दुसरा. असा मुद्दा सापडला तर तोच तक्त्याच्या माथ्यावर ठेवा.

पक्षाच्या रकान्यासाठी जाहीरनामा लागतो, आणि तो उशिरा येतो. 2024 मध्ये अर्ज मागे घ्यायची मुदत 4 नोव्हेंबरला संपली, मतदान 20 तारखेला. भाजपचं संकल्पपत्र आणि महाविकास आघाडीचा जाहीरनामा दोन्ही 10 नोव्हेंबरला आले. दहा दिवसांत कोण काय वाचणार! म्हणून पैशांचे दोन-तीन मोठे वायदे तेवढे वाचा आणि त्यांना अर्थसंकल्प लावून बघा. महायुतीने लाडक्या बहिणीचे महिन्याचे 1500 रुपये 2100 करू म्हटलं, आघाडीने महिलांना 3000 रुपये आणि एसटीचा मोफत प्रवास देऊ म्हटलं. 2024 च्या अतिरिक्त अर्थसंकल्पात योजना आली तेव्हाच वर्षाचा खर्च 46,000 कोटी धरला होता. मार्च 2025 च्या अर्थसंकल्पात तरतूद 36,000 कोटींची झाली आणि 2100 काही आले नाहीत. दोन्ही बाजूंच्या उमेदवारांना विचारण्यासारखा प्रश्न एकच होता: वाढीव पैसे कोणत्या खात्यातून काढणार? योजना चांगली की वाईट, यावर वाद घालत बसू नका. त्यात सगळे बहिणींचे भाऊच असतात.

आता माणसाचा रकाना. विद्यमान आमदार असेल तर विधिमंडळाच्या संकेतस्थळावर प्रश्नोत्तरांच्या याद्या आणि सभागृहाच्या कामकाजाची प्रतिवेदनं (कोण काय बोललं याची नोंद) मिळतात. संकेतस्थळ जरा किचकट आहे, चहा घेऊन बसा. तारांकित प्रश्न (मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतो तो), लक्षवेधी सूचना (तातडीच्या विषयाकडे मंत्र्याचं लक्ष वेधणारी), अर्ध्या तासाची चर्चा, अशासकीय विधेयक (मंत्री नसलेल्या आमदाराने मांडलेलं) या चार ठिकाणी नाव शोधा. संख्येला भुलू नका. एकाच तारांकित प्रश्नावर दहा-दहा आमदारांची नावं असतात, आणि अनेक प्रश्न 'अमुक गावातल्या रस्त्याचं काम अपूर्ण असल्याबाबत' या जातीचे असतात. त्यात धोरण नाही. ज्या प्रश्नात आमदाराने नियम बदलायला सांगितलाय, तो बाजूला काढा. पाच वर्षांत असे पाच-सहा सापडले तरी माणूस कशासाठी झगडतो ते समजतं. मुंबईत असाल तर प्रजा फाउंडेशन शहरातल्या आमदारांची प्रगतिपुस्तकं काढतं, तुमचं निम्मं काम तिथे झालेलं असेल. आमदार मंत्री असेल तर तो प्रश्न विचारत नाही, उत्तरं देतो. मग त्याच्या खात्याचे शासन निर्णय वाचायचे.

कुणी कशाला मत दिलं याची यादी मात्र क्वचितच सापडते. भावाने तुम्हाला अमेरिकेतल्या राज्यांच्या सभागृहांबद्दलही सांगितलं असेल. तिथे आमदाराने कोणत्या विधेयकाला हो म्हटलं, कोणत्याला नाही, हे नावानिशी मिळतं. आपल्याकडे बहुतेक विधेयकं आवाजी मतदानाने जातात. कडव्या डाव्या संघटनांच्या बेकायदा कृत्यांविरुद्धचं म्हणून मांडलेलं जनसुरक्षा विधेयक घ्या. संयुक्त समितीकडे बारा हजारांहून जास्त सूचना आणि हरकती आल्या होत्या, समितीत विरोधी पक्षांचेही सदस्य होते. 10 जुलै 2025 ला विधानसभेत ते आवाजी मतदानाने मंजूर झालं. तिथे उभं राहून स्पष्ट विरोध केला तो डहाणूचे माकपचे आमदार विनोद निकोले यांनी. बाहेर माध्यमांसमोर मात्र नंतर बरेच जण विरोधात बोलत होते. तुमच्या आमदाराची भूमिका यातली कोणती, हे फक्त त्या दिवसाच्या प्रतिवेदनातून कळतं, त्याच्या फेसबुकवरून नाही. उलट फेब्रुवारी 2024 चं मराठा समाजाला 10 टक्के आरक्षण देणारं विधेयक एकमताने मंजूर झालं, त्यामुळे तुलनेसाठी त्यात काही हाती लागत नाही.

नवख्या उमेदवारासाठी विधिमंडळ उपयोगाचं नाही, पण आपल्याकडे पूर्ण नवखा उमेदवार असतो कुठे? जिल्हा परिषद, बाजार समिती, जिल्हा बँक, दूध संघ, पतसंस्था, कुठेतरी खुर्ची भोगलेली असतेच. तिथल्या ठरावांची आणि वार्षिक सभांची माहिती काढा. कर्जवसुलीबद्दल बँकेचा संचालक म्हणून काय केलं, आणि आता कर्जमाफीबद्दल काय बोलतो, ही दोन वाक्यं शेजारी ठेवली की पुरे.

शपथपत्र म्हणजे नमुना 26 बहुतेक लोक गुन्हे आणि संपत्ती बघायला उघडतात. मी ते धोरणासाठी वाचतो. 2002 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे हा कागद आपल्या हाती आला आणि निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर कुणालाही बघता येतो. त्यात जमीन कुठे आहे, कोणत्या कंपनीत किंवा संस्थेत भागीदारी आहे, सरकारी कंत्राटं आहेत का, कर्ज कुणाचं आहे हे असतं. नियोजित रिंगरोडच्या कडेला चाळीस एकर असलेला माणूस विकास आराखड्यावर काय म्हणेल याचा अंदाज जाहीरनाम्यापेक्षा इथे चांगला येतो. यात बेकायदेशीर काही नसतं. फक्त त्याची भूमिका कुठून येते ते दिसतं.

2024 ला राज्यात 4,136 उमेदवार होते, म्हणजे 288 जागांवर सरासरी चौदा. सगळ्यांचा तक्ता करत बसू नका. ज्यांना मत द्यायची तुमची खरोखर तयारी होऊ शकते अशा तिघा-चौघांवर थांबा. मुद्देही पाचच्या वर नकोत. कोपरा सभेत हात वर करा, नाहीतर कार्यालयात लेखी द्या. आमचा अनुभव असा की स्वीय सहायकाकडून येणारं 'साहेब सकारात्मक आहेत' हे उत्तर सगळ्यांकडून येतं. ते उत्तर नाही असं समजा.

आणि तुम्ही शेवटी विचारलंय की 2022-23 नंतर पक्षाच्या रकान्याला काही अर्थ उरलाय का. प्रश्न रास्त आहे. 2019 ला शिवसेनेचे 56 आणि राष्ट्रवादीचे 54 आमदार निवडून आले आणि पाच वर्षांत दोन्ही पक्ष फुटले. शिवसेनेबद्दल विधानसभाध्यक्षांनी जानेवारी 2024 मध्ये दोन्ही गटांपैकी कुणालाच अपात्र ठरवलं नाही. तरी मी तो रकाना ठेवतो, फक्त त्याच्या पुढे एक बारीक चौकट जोडतो: या माणसाने यापूर्वी पक्ष बदलला असेल, तर त्यानंतर त्याची कोणती भूमिका बदलली? काहींची एकही बदललेली नसते, पाण्याबद्दल, कारखान्याबद्दल, रस्त्याबद्दल तेच बोलत असतात. काहींचं बदल्यांपासून भूसंपादनापर्यंत सगळं महिन्याभरात उलटं होतं. पहिल्या प्रकारच्या माणसासाठी पक्षाच्या रकान्याला कमी वजन द्या. दुसऱ्या प्रकारच्या माणसाचा स्वतःचा रकाना रिकामाच सोडा आणि तो सध्या ज्या पक्षात आहे त्यावर निर्णय घ्या. अपक्षाला व्हिप नसतो, पण निवडून आल्यावर तो कुठल्या पक्षात शिरला तर अपात्र ठरू शकतो. म्हणून तो पक्षात न जाता सरकारला नुसता पाठिंबा देतो. त्याला एवढंच विचारा: पाठिंब्याच्या बदल्यात काय मागणार, आणि ते मिळालं नाही तर पाठिंबा काढणार का?