ऑटोकॅडमध्ये सेव्ह केलेले ड्रॉइंग माझ्या संगणकावर आहे की ऑफिसच्या सर्व्हरवर, हे कसे शोधावे?

सर्वप्रथम ऑटोकॅडच्या ‘रिसेंट डॉक्युमेंट्स’ यादीत त्या ड्रॉइंगच्या नावावर माउस नेऊन थांबावे. फाइल शेवटी ज्या जागेवरून उघडली होती, तिचा पूर्ण मार्ग, म्हणजे ड्राइव्ह व फोल्डरांची नावे, तेथे दिसतो. विंडोजच्या स्टार्ट मेनूतील शोधावर विसंबू नये, कारण विंडोजची शोधसूची (जलद शोधासाठी आधीच बनवून ठेवलेली फाइलींची यादी) मुळात स्थानिक डिस्कवरील ठरावीक फोल्डरांपुरतीच असते आणि नेटवर्क ड्राइव्ह (सर्व्हरवरील जागा) सहसा तिच्यात नसतो. म्हणून फाइल एक्सप्लोररमध्ये सर्व्हरचा ड्राइव्ह, शक्यतो थेट प्रकल्पाचा फोल्डर, उघडून तेथील शोधचौकटीत नावाचा आठवणारा भाग टाइप करावा. सूची नसल्याने एकेक फोल्डर तपासला जातो व वेळ लागतो, तेवढा धीर मात्र धरावा लागतो. ड्रॉइंग सेव्ह करण्यापूर्वीच प्रोग्राम बंद पडला असेल, तर विंडोजच्या टेम्प (तात्पुरत्या फाइलींच्या) फोल्डरात ऑटोसेव्हची, म्हणजे ऑटोकॅडने आपोआप जतन केलेली, प्रत मिळू शकते. ती जागा ‘ऑप्शन्स’मधील ‘फाइल्स’ या टॅबवर नोंदलेली असते. एक लक्षात घ्यावे: ड्राइव्हचे अक्षर प्रत्येक संगणकावर स्वतंत्रपणे ठरते, त्यामुळे सहकाऱ्याचा झेड ड्राइव्ह आणि तुमचा झेड ड्राइव्ह हे वेगळे फोल्डर असू शकतात, त्याच्याकडून सर्व्हरच्या नावासह पूर्ण मार्ग मागावा.