गाडी दर दोन मिनिटांनी का येत नाही? : मेट्रोबद्दल वाचकांचे प्रश्न

मेट्रोच्या रोजच्या प्रवासाबद्दल आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. एकाच मुद्द्यावरची पत्रं एकत्र केली आहेत.

प्रश्न : मेट्रोचा वेग ताशी ८० किलोमीटर असल्याचं सांगतात. मला १६ किलोमीटर जायला अर्धा तास लागतो, म्हणजे ताशी ३२ झाले. रस्ता मोकळा असेल त्या दिवशी दुचाकीवर याहून आधी पोहोचतो. मग मेट्रोने साधलं काय?

उत्तर : तुमचा हिशेब बरोबर आहे आणि ८० चा आकडाही खोटा नाही. तो कमाल वेग. तो गाठायला गाडीला साधारण २२ सेकंद लागतात आणि तेवढ्यात ती जवळपास २५० मीटर पुढे गेलेली असते. थांबण्यासाठीही जवळपास तेवढंच अंतर लागतं. दोन स्थानकांमध्ये १२०० मीटर अंतर असेल तर पूर्ण वेगाने धावायला मधले जेमतेम ७०० मीटर मिळतात. प्रत्येक स्थानकावर ३० सेकंदांचा थांबा धरला की कागदावरची सरासरीच ताशी ४० वर येते. त्यातून वळणं आणि वेळापत्रकात राखून ठेवलेले सेकंद वजा केले की उरतात ३० ते ३५. कमाल वेग ८० चा ९० केला तरी दोन स्थानकांमधल्या एका टप्प्यात फक्त ३ सेकंद वाचतात, त्यामुळे त्या आकड्यावरून मेट्रोची पारख करण्यात अर्थ नाही.

पारख करायची ती घरातून निघण्याच्या वेळेवरून. समजा, रस्त्याने एरवी ४० मिनिटं लागतात, पण आठवड्यातून एखाद्या दिवशी कोंडी होते आणि ७० लागतात. कोंडी कोणत्या दिवशी होणार हे आधी कळत नाही. त्यामुळे ज्याला ९ वाजता हजर राहायचंच आहे, तो रोज ७ वाजून ५० मिनिटांनी घर सोडतो आणि बहुतेक दिवशी अर्धा तास आधी पोहोचून ताटकळत बसतो. मेट्रोने चालणं, वाट पाहणं आणि प्रवास मिळून ४८ मिनिटं लागत असतील आणि त्यात दोन-चार मिनिटांचाच फरक पडत असेल, तर ८ वाजून ५ मिनिटांनी निघालं तरी चालतं. मोकळ्या रस्त्यापेक्षा मेट्रो हळू, तरी रोजची १५ मिनिटं हातात राहतात. दुचाकीची तुलना करताना आपण तिचा सगळ्यात चांगला दिवस धरतो. मोठी गफलत तिथेच होते.

प्रश्न : आमच्या मार्गावर गाडी ४ मिनिटांनी येते. गर्दीच्या वेळी दोन मिनिटांनी सोडायला काय हरकत आहे?

उत्तर : हा प्रश्न सगळ्यात जास्त पत्रांत होता. अडचणी चार आहेत आणि त्यांतली एक प्रवाशांच्या हातात आहे.

पहिली अडचण गाड्यांची. मार्गाच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत ४५ मिनिटं आणि दोन्ही टोकांना गाडी फिरवायला ३-३ मिनिटं धरली, तर पूर्ण फेरी ९६ मिनिटांची होते. दर ४ मिनिटांनी गाडी सोडायची तर २४ गाड्या लागतात, दर २ मिनिटांनी सोडायची तर ४८. दुरुस्तीत असलेल्या आणि राखीव गाड्या वेगळ्याच. शिवाय त्या रात्री उभ्या करायला डेपोत तेवढे रूळ हवेत.

दुसरी सिग्नलची. जुन्या पद्धतीत मार्गाचे ठरावीक तुकडे पाडलेले असतात. पुढचा तुकडा रिकामा झाल्याशिवाय मागच्या गाडीला त्यात शिरता येत नाही. नव्या, म्हणजे मूव्हिंग ब्लॉक पद्धतीत गाड्या आपली जागा रेडिओवरून सतत कळवत राहतात आणि मागच्या गाडीला पुढचीच्या शेपटापासून फक्त थांबण्यापुरतं अंतर राखावं लागतं. ९० सेकंदांनी गाडी आणणारे मार्ग जगात आहेत. सिग्नल जुने असतील तर नुसत्या गाड्या वाढवून ते जमत नाही.

तिसरी अडचण शेवटच्या स्थानकाची. तिथे गाडी परतीच्या रुळावर नेण्यासाठी सांधे, म्हणजे गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारे रुळांचे सरकते तुकडे, बदलावे लागतात. आत येणारी आणि बाहेर निघणारी गाडी एकमेकींचा रस्ता कापत असतील, तर एकीला थांबावंच लागतं. फलाटाच्या पुढे रूळ वाढवून गाडी तिकडे फिरवून आणली की हा गुंता बराच सुटतो, पण त्याला जागा लागते. बांधतानाच ती सोडलेली नसेल तर पुढे मिळणं कठीण.

चौथी अडचण फलाटावरची. सहा डब्यांच्या गाडीला, प्रत्येक डब्याला एका बाजूला चार दारं धरली तर, फलाटाच्या बाजूने २४ दारं असतात. एका दारातून सेकंदाला साधारण एक माणूस आत किंवा बाहेर जातो. एखाद्या दारातून २५ जण उतरणार आणि २० चढणार असतील तर ४५ सेकंद गेलेच. जिन्यासमोरच्या दारावर हे रोज घडतं, तेव्हा फलाटाच्या टोकाची दारं १० सेकंदांत मोकळी झालेली असतात. पण गाडी सुटते सगळ्यात उशिरा रिकाम्या होणाऱ्या दारानुसार. ती ४० सेकंद उशिरा सुटली की पुढच्या स्थानकावर तेवढे जास्त लोक जमलेले असतात, तिथला थांबा आणखी वाढतो, उशीर फुगत जातो आणि मागची गाडी अर्धी रिकामी तिच्या पाठीला लागते. म्हणून शक्य असेल तेव्हा जिन्यापासून दोन डबे लांब उभे राहा आणि उतरणाऱ्यांना दाराच्या दोन्ही कडांना उभं राहून वाट द्या. समोर भिंत करून उभं राहिलं की दोन रांगांऐवजी एकच रांग बाहेर पडते आणि वेळ जवळपास दुप्पट लागतो.

हे सगळं कशासाठी, तर एका गाडीत १५०० माणसं धरली तर ४ मिनिटांच्या अंतराने तासाला एका दिशेने २२,५०० लोक जातात आणि २ मिनिटांच्या अंतराने ४५,०००. नवा मार्ग न बांधता.

प्रश्न : दार बंद होताना पिशवी आडवी धरली तर ते परत उघडतं. मग घाबरायचं कशाला?

उत्तर : दाराच्या कडेला अडथळा ओळखणारी यंत्रणा असते, पण ती साधारण २५-३० मिलिमीटर जाडीची वस्तू ओळखते. ओढणी, पिशवीचा पट्टा, इअरफोनची तार याहून पातळ असतात. त्या अडकल्या तरी यंत्रणेच्या लेखी दार बंद झालेलं असतं आणि गाडी सुटू शकते. सतत अडवल्यामुळे एखादं दार बंदच झालं नाही, तर कर्मचाऱ्याला जाऊन ते कुलूपबंद करावं लागतं. तोवर अख्खा मार्ग खोळंबतो. बंद होण्याची सूचना वाजली की पुढची गाडी धरायची.

प्रश्न : सरकत्या जिन्यावर एक बाजू चालणाऱ्यांसाठी मोकळी ठेवावी का?

उत्तर : जिना छोटा असेल आणि गर्दी नसेल तर ठेवायला हरकत नाही. लांब जिन्यावर चढत जाणारे थोडेच असतात, त्यामुळे अर्धा जिना रिकामा फिरतो आणि खाली रांग वाढते. लंडनच्या हॉलबर्न स्थानकात २०१५ मध्ये गर्दीच्या वेळी दोन्ही बाजूंना उभं राहायला लावून पाहिलं, तेव्हा त्याच जिन्यावरून जास्त माणसं वर गेली. चालणाऱ्याचे काही सेकंद गेले, पण रांगेतल्या शंभरांचा वेळ वाचला. लोकांना मात्र हे पटवणं अवघड जातं, कारण घाई फक्त आपल्यालाच आहे असं प्रत्येकाला वाटतं.

प्रश्न : मेट्रो सुरू झाली, भरूनही जाते, तरी रस्त्यावरची कोंडी होती तशीच आहे. हे कसं?

उत्तर : काही लोक मेट्रोकडे वळले की रस्ता थोडा मोकळा होतो. मग ज्यांनी कोंडीला कंटाळून वेळ बदलली होती, दुसरा रस्ता धरला होता किंवा जाणंच टाळलं होतं, ते परत येतात आणि जागा भरते. अमेरिकी अर्थतज्ज्ञ अँथनी डाउन्स यांनी १९६२ मध्येच शहरी महामार्गांबद्दल हा नियम मांडला होता : गर्दीच्या वेळेची वाहतूक रस्त्याच्या क्षमतेपर्यंत वाढत जाते. त्यामुळे ‘मेट्रोने रस्ते मोकळे होतील’ हे आश्वासन देऊच नये, असं आमचं मत आहे. कोंडी राहते, पण तिच्यात अडकण्याची सक्ती उरत नाही. रस्तेही मोकळे हवे असतील तर पार्किंगवर मर्यादा, बससाठी राखीव मार्गिका असे वेगळे उपाय लागतात, आणि मेट्रो हाताशी असली की ते लोकांवर लादल्यासारखे वाटत नाहीत.

प्रश्न : घरापासून स्थानक दीड किलोमीटरवर आहे. चालावं, रिक्षा घ्यावी की जोडबसची, म्हणजे स्थानकापर्यंत सोडणाऱ्या बसची, वाट पाहावी?

उत्तर : सरासरी माणूस मिनिटाला ८० मीटर चालतो, म्हणजे तुम्हाला १९ मिनिटं. जोडबस दर २० मिनिटांनी असेल तर सरासरी १० मिनिटं वाट पाहण्यात जातात, वर ५-७ मिनिटांचा प्रवास. बचत नगण्य आणि बस चुकली तर तोटाच. बस १० मिनिटांहून कमी अंतराने असेल किंवा तिची नक्की वेळ फोनवर कळत असेल, तरच तिच्यावर विसंबावं. सायकलने हेच अंतर ६ ते ७ मिनिटांचं आहे, फक्त स्थानकाशी ती कुलूप लावून ठेवायची सोय आधी पाहून घ्या. रिक्षा घेणार असाल तर येतानाची वेळही मोजा. संध्याकाळी स्थानकाबाहेर रिक्षासाठी लागणारी रांग बरेच जण हिशेबात धरत नाहीत.

वाहतूक नियोजनात चालण्याचं आणि वाट पाहण्याचं एक मिनिट गाडीत बसलेल्या मिनिटाच्या जवळपास दुप्पट धरतात, कारण माणसाला ते तेवढं जड जातं. सावली नसलेला, फुटपाथ तुटलेला रस्ता असेल तर आणखी जड.

प्रश्न : फोन रुळावर पडला तर पटकन उतरून घेता येईल का?

उत्तर : नाही. काही मार्गांवर रुळाशेजारच्या तिसऱ्या पट्टीतून ७५० व्होल्टचा प्रवाह वाहत असतो. वर तार दिसत नसेल तर वीज खालूनच येते आहे असं समजा. तार वर असली तरी गाडी दीड-दोन मिनिटांवर आलेली असू शकते आणि फलाटाची कड एवढी उंच असते की हाताच्या आधाराने पटकन वर येणं जमत नाही. कोणत्या डब्याच्या खुणेसमोर फोन पडला ते लक्षात ठेवा आणि फलाटावरच्या कर्मचाऱ्याला सांगा. ते दोन गाड्यांच्या मध्ये लांब चिमट्याने वस्तू काढतात, नाहीतर रात्री वीज बंद झाल्यावर. पडलेली वस्तू माणूस असेल, किंवा कोणी खाली उतरलेलं दिसलं, तर मात्र कर्मचारी शोधत बसू नका. फलाटावरचं आणीबाणीचं लाल बटण लगेच दाबा.